अचलपूरचा डास

‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये 1901 साली एक छोटा लेख छापून आला. विषय होता वऱ्हाडातल्या एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, सापडणारे अ‍ॅनोफिलीस डास आणि ते एकमेकांपासून वेगळे कसे ओळखायचे. लेखक डब्ल्यू. ग्लेन लिस्टन. उंदरांवरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे पुढे मुंबईत दाखवून देण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, तेच हे डॉक्टर. त्या लेखातून एका नव्या जातीला नाव मिळालं : अ‍ॅनोफिलीस स्टिफेन्सी. मुंबईसारख्या शहरांत हिवताप पसरवणारा मुख्य डास तो हाच.

हे काम किती मोलाचं होतं, ते चारच वर्षं मागं गेलं की कळतं. हिवतापाचा परजीवी डासांत शोधणारे रोनाल्ड रॉस आधी दोनेक वर्षं भलत्याच डासांची पोटं फाडून पाहत होते. डासांची शास्त्रीय नावं त्यांना ठाऊक नव्हती. करडे, पट्टेवाले, ठिपकेदार पंखांचे अशी आपल्यापुरती विभागणी त्यांनी केली होती. ऑगस्ट 1897 मध्ये सिकंदराबादला ठिपकेदार पंखांचे डास हाती लागले, तेव्हा कुठे हिवतापाचा परजीवी त्यांना डासाच्या पोटात दिसला. योग्य जातीचा डास मिळेपर्यंत सगळी मेहनत पाण्यात गेली होती.

जगात डासांच्या साडेतीन हजारांहून जास्त जाती आहेत. त्यांतली पहिली वाटणी साध्या भिंगानेही जमते. अ‍ॅनोफिलीसची मादी भिंतीवर बसते ती शेपूट वर करून, तिरकी. क्युलेक्स आणि एडिस अंग भिंतीला समांतर ठेवतात. अ‍ॅनोफिलीस मादीच्या सोंडेशेजारचे दोन पाल्प सोंडेइतकेच लांब असतात, इतर दोघींचे अगदी आखूड. डेंगीवाल्या एडिस इजिप्तीच्या काळ्या पाठीवर पांढऱ्या खवल्यांच्या वळणदार रेषा असतात, तर तिच्या भावकीतल्या अल्बोपिक्टसच्या पाठीवर मधोमध एकच सरळ पांढरी रेघ.

खरी कसोटी त्यापुढे लागते. स्टिफेन्सीचे पाय आणि पाल्प ठिपक्याठिपक्यांचे असल्याने ती जात ओळखता येते, पण तिच्या आत आणखी प्रकार आहेत आणि ते प्रौढ डासाकडे पाहून कळत नाहीत. म्हैसूर संस्थानात काम करणाऱ्या स्वीट आणि राव यांनी 1937 मध्ये अंडी तपासली. अंडं होडीच्या आकाराचं, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. दोन्ही बाजूंना हवेने भरलेले तरंगक आणि त्यांवर आडव्या कडा. या कडा त्यांनी मोजल्या. एका प्रकारात त्या साधारण 14 ते 22 भरतात, तर ‘मायसोरेन्सिस’ या दुसऱ्या प्रकारात 9 ते 15. पहिला प्रकार शहरातल्या टाक्या-विहिरींत वाढतो आणि हिवताप जोमाने पसरवतो. दुसरा खेड्यांत राहतो, गुरांना जास्त चावतो. दोघांचा संकर होतो, म्हणून उपजात हा दर्जा टिकला नाही. पण आरोग्य खात्याला हा फरक फार कामाचा आहे. ग्रामीण भारतातला हिवतापाचा मुख्य वाहक अ‍ॅनोफिलीस क्युलिसिफेसीस तर एक जात नसून पाच सख्ख्या जातींचा गोतावळा निघाला. दिसायला एकसारख्या असल्याने त्या वेगळ्या करायला गुणसूत्रं पाहावी लागतात.

डास कुठे सापडला, हीसुद्धा त्याची एक खूण असते. ओळखतक्ते प्रदेशवार बनवलेले असतात. त्या प्रदेशात जी जात नाही, तिला तक्त्यात जागाही नसते. आफ्रिकेच्या जुन्या तक्त्यांत स्टिफेन्सी नव्हता. 2012 मध्ये तो जिबूतीत आढळला. त्या वर्षी तिथे हिवतापाचे 27 रुग्ण होते; 2020 मध्ये आकडा 70 हजारांच्या वर गेला. आफ्रिकेतले जुने वाहक प्रामुख्याने खेड्यापाड्यांतले. हा मात्र बांधकामाच्या टाक्यांत आणि पिंपांत आरामात वाढतो. पुढे इथिओपिया, सुदानमध्येही तो सापडला. आफ्रिकेतल्या अ‍ॅनोफिलीसचा तक्ता 2020 मध्ये सुधारून निघाला, तेव्हा त्यात स्टिफेन्सीला जागा मिळाली.

जातीकडे दुर्लक्ष आपल्याकडेही होतं. डेंगीची साथ आली की गटारांवर फवारणी सुरू होते. गटारात वाढतो तो बहुधा क्युलेक्स, हत्तीरोगाचा वाहक. एडिस घरातल्या स्वच्छ साठवणीच्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. जात न पाहता केलेली फवारणी म्हणजे औषध आणि पैसा दोन्ही वाया. जात ओळखण्याचं हे काम नीट व्हायला जिल्ह्याजिल्ह्यांत प्रशिक्षित कीटक समाहारक हवेत. त्यांच्या जागा रिकाम्या ठेवून डास आटोक्यात येणार नाहीत.

वाचकांनाही एक गोष्ट जमण्यासारखी आहे. टाकीत अळ्या दिसल्या तर पाणी ओतून देण्याआधी क्षणभर नीट पाहा. पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून आडवी पडलेली अळी अ‍ॅनोफिलीसची. डोकं खाली करून तिरकी लटकणारी एडिसची किंवा क्युलेक्सची. काय दिसलं ते आरोग्य कर्मचाऱ्याला सांगा, मग टाकी रिकामी करा, घासून कोरडी करा आणि झाकण घट्ट लावा.