शिक्षकाचा वेळ कोणाच्या मालकीचा?

शिक्षणसुधारणेचा विषय आपल्याकडे नवा नाहीं. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन करतांना जोतीराव फुले यांनीं बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें व शिक्षकांस चांगलें वेतन आणि योग्य तयारी द्यावी, असें मागितलें होतें. नामदार गोखले यांनीं १९११ सालीं सक्तीच्या शिक्षणाचें बिल मांडलें; पुढल्याच वर्षीं तें ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें. छत्रपति शाहू महाराजांनीं मात्र १९१७ सालीं कोल्हापूर संस्थानांत शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, आणि मूल शाळेंत न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेविला. अखेरीस १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशांत अमलांत आला. मुलास शाळेपर्यंत आणण्यास इतका काळ लागला. आतां प्रश्न उरला आहे तो असा कीं, शाळेंत आलेल्या मुलास शिक्षक भेटतो काय?

डोंगरी तालुक्यांतील एका शाळेंत शिक्षणसेवक म्हणून लागलेल्या तरुणाशीं नुकतेंच आमचें सविस्तर बोलणें झालें. शिक्षणसेवक म्हणजे पहिलीं तीन वर्षें ठराविक मानधनावर काम करणारा शिक्षक. प्राथमिक शाळेंत हें मानधन दरमहा ६००० रुपये होतें, तें २०२३ सालीं १६००० करण्यांत आलें. खोलीचें भाडें, एस्. टी. चा खर्च व घरीं पाठवावयाची रक्कम वजा जातां हातीं काय उरतें, याचा हिशेब वाचकांनींच करावा. परंतु या तरुणानें पैशाविषयीं फारशी कुरकुर केली नाहीं. त्याचें गाऱ्हाणें निराळेंच आहे. आपणांस शिकवावयास नेमलें, पण शिकविण्यास वेळ दिला नाहीं, असें तो म्हणतो.

२०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें मुलास समजून वाचतां यावें व साधें गणित करतां यावें यावर प्रथम भर दिला. त्यास अनुसरून २०२१ सालीं ‘निपुण भारत’ ही योजना निघाली, आणि तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलास इतकें आलेंच पाहिजे, हें साधण्यास २०२६-२७ सालाची मुदत ठरली. ही सुधारणा योग्य आहे, असें या तरुणाचें मत आहे व तेंच आमचेंही आहे. पण वाचन शिकवावयाचें कसें? मुलास जवळ बसवून, त्याच्या बोटाखालचा शब्द त्याच्या तोंडून ऐकून, अडेल तेथें थांबून. कायद्याप्रमाणें प्राथमिक शाळेंत तीस मुलांमागें एक शिक्षक. प्रत्येक मुलास रोज अवघीं तीन मिनिटें द्यावयाचीं म्हटलें तरी दीड तास झाला. हा दीड तास परिपत्रकानें निर्माण होत नाहीं. तो शिक्षकाच्या दिवसांतूनच काढावा लागतो.

आणि त्याचा दिवस कसा जातो तें पाहा. वर्ग चार, शिक्षक दोन. साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक, हें प्रमाण कायद्यानेंच ठरविलेलें आहे. पोषण आहाराचा तांदूळ मोजून द्यावयाचा, डाळ-तेलाचा हिशेब लिहावयाचा, शिजलेलें अन्न मुलांच्या आधीं चाखून पाहावयाचें, किती मुलें जेवलीं तो आंकडा मोबाईलवरून कळवावयाचा. तोंच वरून निरोप येतो कीं, अमुक माहिती आजच्या आज भरा. गांवांत रेंज नसली तर गुरुजी टेंकडीवर चढून ती भरतात. एखादा दिन साजरा झाला तर त्याचीं छायाचित्रें धाडावयाचीं. दुसरे गुरुजी बैठकीस किंवा मतदार याद्यांच्या कामास गेले, म्हणजे चारही वर्ग एका खोलींत येतात. चौथीचें पोर पहिलीच्या पोरांस सांभाळतें आणि फळ्यावरील भागाकार अर्धाच राहतो. सायंकाळीं तालुक्याच्या गांवीं खोलीवर परतून, भात टाकून, उरलेल्या नोंदी तो रात्रीं पुऱ्या करतो. उद्यांचा धडा कसा शिकवावा याचा विचार करण्यास जो निवांतपणा हवा, तो रविवारीं मिळाला तर मिळतो.

कायदा याविषयीं मुका आहे असें नाहीं. दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज कोणत्याही बिनशैक्षणिक कामास शिक्षकांस लावूं नये, असें शिक्षण हक्क कायद्याचें २७ वें कलम सांगतें. मतदार याद्यांचें व निवडणुकीचें काम सुटीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशींच द्यावें, असें सर्वोच्च न्यायालयानेंही २००७ सालीं ठरविलें आहे. पण लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत अशा निवडणुका अनेक, आणि याद्यांची दुरुस्ती तर सालोसाल चालूच. अपवाद म्हणून ठेविलेल्या खिडकींतून सगळें घरच बाहेर चाललें आहे.

यावर असें म्हणण्यांत येतें कीं, खेड्यांत भरंवशाचा लिहिता-वाचता सरकारी माणूस शिक्षकच. हें एके काळीं खरें होतें. आज गांवोगांव पदवी घेतलेले तरुण कामाच्या शोधांत बसले आहेत. त्यांस मानधन देऊन हीं कारकुनी कामें सोंपवितां येतील. आमच्या व्यापारी बंधूंस हें अधिक समजावून सांगणें नको. ज्या मुनिमास दिवसभर जकात, टपाल व वसुली यांसाठीं पिटाळलें, त्याची खतावणी अपुरी राहिली म्हणून दिवाळीस त्यालाच दोष देणारा शेटजी शहाणा ठरत नाहीं. पेढीवर जें चालत नाहीं, तें शाळेंत कां चालावें?

अर्थात् शिक्षकवर्गाचे सर्व दोष झांकावे असा आमचा आशय नव्हे. वेळ असूनही न शिकविणारे शिक्षक आहेत, व त्यांस जाब विचारलाच पाहिजे. परंतु आज जो शिकवीत नाहीं व ज्यास शिकवूं दिलें जात नाहीं, ते दोघेही एकाच ओळींत उभे दिसतात. प्रामाणिक शिक्षकाचा वेळ मोकळा केला म्हणजेच आळशी शिक्षकाची सबब नाहींशी होईल.

शहरांतील सुस्थित लोकांचीं मुलें बहुधा या शाळांत जात नाहींत, म्हणून ही ओरड त्यांच्या कानीं पडत नाहीं. परंतु उद्यां त्यांच्या दुकानांत बिल वाचणारा, वखारींत पोतीं मोजणारा मुलगा याच शाळांतून येणार आहे. कायद्यानें प्रत्येक सरकारी शाळेंत व्यवस्थापन समिति ठेविली असून तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. या समितीनें दर महिन्यास एकच आंकडा भिंतीवर लावावा: गेल्या महिन्यांत गुरुजी किती दिवस, कोणाच्या हुकुमानें व कोणत्या कामासाठीं वर्गाबाहेर होते. आमदारांनीं व जिल्हा परिषदेच्या सभासदांनीं तो आंकडा मागवावा, आणि पटावरील संख्येबरोबर तोही दरसाल जाहीर करावा. एके काळीं मूल शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दंड होत असे. आज मूल वेळेवर हजर आहे. गैरहजेरी लावावयाची असेल, तर ती शिक्षकास वर्गांतून उठवून नेणाऱ्याच्या नांवावर लावली पाहिजे.