चकचकीत गाडीची चरचरीत गोष्ट

गाडीच्या रंगावर बारीक चरे सगळ्यात जास्त कधी पडतात, माहीत आहे का? हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये? छे! पार्किंगमध्ये शेजारच्या स्कूटरचं हँडल घासून? तेही नाही. गाडी पुसताना! हो, आपण हौसेने गाडी चमकवत असतो ना, नेमकं तेव्हाच.

सकाळी सातला कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोकावून बघा. एक बादली, एक जुनं बनियन आणि रांगेने उभ्या दहा-बारा गाड्या. पहिली गाडी पुसली, बनियन बादलीत बुडवलं, पिळलं, दुसरीवर फिरवलं. पाचव्या गाडीपर्यंत पाणी मातकट झालेलं असतं आणि पहिल्या चार गाड्यांची धूळ पाचवीच्या बॉनेटवर घासली जात असते.

आणि त्या धुळीत काय असतं, माहीत आहे का? वाळू! म्हणजे बहुतेक वेळा क्वार्ट्झ. फ्रीडरिक मोहस या जर्मन खनिजतज्ज्ञाने १८१२ मध्ये कडकपणाची १ ते १० अशी मोजपट्टी केली. त्यात हिरा १०, क्वार्ट्झ ७ आणि साधी काच जेमतेम साडेपाचच्या आसपास. जी वाळू काचेवर ओरखडा काढते, ती रंगाला सोडेल होय?

केसाहून पातळ कवच

आता गाडीच्या अंगावरचे कपडे मोजू. सगळ्यात खाली गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. चार थरांची बेरीज किती? साधारण १०० ते १५० मायक्रॉन. झेरॉक्सचा एक कागद १०० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे लाखो रुपयांच्या गाडीची सगळी शान एक-दीड कागदाच्या जाडीत!

त्यातला क्लिअर कोट तर फक्त ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस सहसा याहून जाड. केसाने गळा कापतात म्हणे. इथे केसाहून पातळ थर गाडीची अब्रू राखतो.

सेकंडहँड गाडी घेताय? मग ही जाडी मोजणारं छोटं मीटर मिळतं, ते पत्र्यावर टेकवा. एका दारावर १२० आणि शेजारच्या दारावर ४०० आकडा आला, तर त्या दाराला लांबी भरून पुन्हा रंग मारलेला असण्याची दाट शक्यता. पत्रा बोलतो, फक्त विचारायला हवं!

गोल गोल राणी, पण गोल नाहीच कोणी!

रात्री पेट्रोल पंपाच्या एलईडी दिव्याखाली काळी गाडी नीट बघितलीत? बॉनेटवर दिव्याभोवती कोळ्याचं जाळं विणलेलं दिसतं. हेच ते स्वर्ल मार्क्स. माहीत आहे का, ते चरे गोल नसतातच! ते उभे, आडवे, तिरके, कसेही असतात. पण दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती जे चरे आडवे पडलेत, तेवढेच प्रकाश आपल्या डोळ्यांकडे फेकतात. बाकीचे गप्प. म्हणून कडी दिसतात. डोकं हलवा, जाळंही सोबत सरकेल. जेवणाच्या स्टीलच्या ताटात ट्यूबलाइट बघा, तीच जादू घरबसल्या दिसेल.

दुसरी जादू पावसाची. जूनमध्ये गाडी भिजली की चरे गायब! पाणी चऱ्यांत भरतं, प्रकाश कमी विखुरतो, गाडी एकदम नवीकोरी. तेल तर पाण्याहून वरचढ, कारण ते प्रकाश जवळपास क्लिअर कोटइतकाच वाकवतं. काही पॉलिशमध्येही अशीच तेलं आणि फिलर असतात. चार वेळा धुतलं की ते निघून जातात आणि चरे परत हजर.

तेव्हा पक्कं लक्षात ठेवा, वापरलेली गाडी ओली असताना पसंत करायची नाही. कोरडी, उन्हात आणि मोबाइलचा टॉर्च मारून बघायची.

रंग माझा वेगळा

काळ्या रंगावर चरे जास्त उठून दिसतात, पांढऱ्यावर लपतात. जगात सगळ्यात जास्त खपणारा रंग कुठला? पांढरा! गेली दहा वर्षं आणि वर पहिला नंबर त्याचाच. पांढऱ्या गाडीवाल्यांनो, चरे तुमच्याही गाडीवर आहेत, फक्त चुगली करत नाहीत.

हेन्री फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळायची, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण १९०८ पासूनच्या सुरुवातीच्या मॉडेल टी लाल, हिरव्या, करड्या अशा रंगांत निघत होत्या, हे माहीत आहे का?

आणि काळ्याचा बाप बघायचाय? २०१९ च्या फ्रँकफर्ट मोटर शोमध्ये बीएमडब्ल्यूने एक्स-६ ला व्हँटाब्लॅक जातीचा लेप दिला. तो जवळपास ९९ टक्के प्रकाश गिळतो. गाडीच्या घड्या, वळणं काहीच दिसेना, नुसती सावली उभी!

उलट टोकाला रोल्स-रॉइस. २०१७ च्या जिनिव्हा शोमधल्या एका घोस्टच्या रंगात १००० हिऱ्यांचा चुरा घातला होता. वर लॅकरचा जादा थर आणि हाताने पॉलिश. ती गाडी बनियनने पुसायची कुणाची छाती होईल?

खड्डा बुजवत नाहीत, रस्ताच खाली आणतात!

आता मुद्द्याचं. रबिंग-पॉलिश केलं की चरा ‘भरतो’, असं तुम्हाला वाटतं का? चूक! चरा म्हणजे रस्त्यावरचा खड्डा. पॉलिश तो बुजवत नाही, आजूबाजूचा सगळा रस्ता खड्ड्याच्या तळापर्यंत तासून खाली आणतं. प्रत्येक पॉलिशिंगला क्लिअर कोट थोडा झिजतो आणि तो पुन्हा उगवत नाही. दर सर्व्हिसिंगला ‘साहेब, रबिंग मारून देऊ का?’ असं विचारलं जातं ना? गरज नसेल तर ठाम ‘नको’ म्हणा. वरचा थर ही बँकेतली ठेव आहे, खर्च करायची तर मोजून.

चरा किती खोल, हे कळायला मशीन लागत नाही. नख आडवं फिरवा. अडकलं नाही तर पॉलिशने सहसा काम होतं. अडकलं तर तो चरा बहुधा इतका खोल आहे, की तासून काढण्यात क्लिअर कोटच संपायचा. आणि आत प्रायमर किंवा पत्रा दिसला, तर टचअप लगेच. आपल्या पावसात आणि कोकणच्या खाऱ्या हवेत गंज वाट बघत नाही.

चांगला कारागीर काम कसं करतो, एकदा शेजारी उभं राहून बघाच. आधी गाडी धुतो. मग रबरी पट्ट्यांवर, लोगोभोवती आणि पत्र्याच्या कडांवर मास्किंग टेप लावतो, कारण कडेला रंग पातळ असतो आणि मशीनने तिथेच आधी निघतो. पॅडवर कंपाउंडचे मटारएवढे तीन-चार ठिपके. मशीन बंद असतानाच ते हातभर जागेत पसरवतो, मग सावकाश आडवे, सावकाश उभे हात. थांबतो, पुसतो, टॉर्च मारतो, बोटांनी पत्रा तापलाय का बघतो. घाई करणारा फक्त गोल फिरणारं रोटरी मशीन दाबून चालवतो आणि मग उन्हात गाडीवर होलोग्रामसारख्या रेघा नाचतात. फिरता फिरता थरथरणारं ड्युअल अ‍ॅक्शन मशीन त्या मानाने गरीब गाय. नवशिक्याने तेच घ्यावं.

ती मास्किंग टेप कशासाठी जन्मली, माहीत आहे का? गाड्यांसाठीच! १९२० च्या दशकात दुरंगी गाड्यांची फॅशन होती. अमेरिकेत थ्रीएमचा रिचर्ड ड्र्यू हा तरुण सँडपेपरची चाचणी घ्यायला रंगाच्या गॅरेजमध्ये गेला, तर कारागीर वैतागलेले. कागद चिकटवून काढला की रंगही सोलून यायचा. ड्र्यूने १९२५ मध्ये हलकेच निघणारी टेप बनवली. सेलोटेपची चुलत बहीण स्कॉच टेप, तीही पुढे त्यानेच काढली.

तोही किस्सा फिका पडेल असा किस्सा फ्रान्सिस ओकीचा. आपले गॅरेजवाले ज्याला वॉटर पेपर म्हणतात, तो पाण्यात चालणारा सँडपेपर थ्रीएमसाठी घडवणारा हा माणूस. त्याची दुसरी आयडिया काय होती? पुरुषांनी ब्लेडऐवजी सँडपेपरने दाढी करावी! ती चालली नाही. गालांची सुटका, गाड्यांची चांदी!

आणि टूथपेस्ट? इंटरनेटवरचा लाडका उपाय. त्यात दात घासायची बारीक पूड असते, म्हणून हलका डाग थोडा निघतोही. पण ती रंगासाठी बनलेली नाही. दातांवरच ठेवा.

भांड्याची हिरवी घासणी गाडीवर फिरवायची? ऐकूनच अंगावर काटा येतो. पण एक गाडी अशी आहे, जिचे चरे तसल्याच घासणीने काढतात! ‘बॅक टू द फ्यूचर’वाली डिलोरियन. तिला रंगच नाही, अंग स्टेनलेस स्टीलचं. पत्र्याच्या रेषांच्या दिशेने स्कॉच-ब्राइट फिरवली की हलका ओरखडा मिटतो.

मेण, माती आणि मोठे दावे

कारनौबा वॅक्स कुठून येतं? ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या ताडाच्या पानांवरून! पानं वाळवून, झोडपून मेण काढतात. निसर्गातलं सगळ्यात कडक मेण, ८२ अंशांच्या पुढे वितळणारं. तेच चकचकीत गोळ्या-चॉकलेटांवरही असतं. वेष्टनावर ९०३ नंबर शोधा, सापडला की समजा, तुम्ही आणि गाडी एकाच ताटात जेवताय. चरे मात्र ते काढत नाही, फक्त झाकतं.

शिकागोच्या बेन हर्शची विक्रीची स्टाइल ऐका. पुढे टर्टल वॅक्स म्हणून गाजलेलं पॉलिश विकायला तो बेसबॉल मैदानाबाहेर उभ्या गाड्यांचं फक्त एक मडगार्ड चमकवायचा आणि मालकाची वाट बघत थांबायचा. एक बाजू झगमग, बाकी गाडी मळकी. मालक घेणार नाही तर काय करेल?

धुऊनही रंगावरून हात फिरवला की खरखर लागते? ती ब्रेकची लोखंडी धूळ, डांबराचे ठिपके. त्यावर उपाय क्ले बार, म्हणजे नावाने माती. जपानच्या तादाओ कोदाते यांच्या या लवचीक मळीव ‘दगडाला’ १९९५ मध्ये अमेरिकेचं पेटंट मिळालं. भरपूर ओलावा ठेवूनच फिरवायची. जमिनीवर पडली की ती थेट कचऱ्यात, कारण एक खडा चिकटला तर ती माती गाडीला मातीत घालेल.

‘९एच सिरॅमिक कोटिंग, हिऱ्यासारखं कडक!’ थांबा. ते ९एच बहुतेक वेळा पेन्सिलीच्या कडकपणाचं असतं, मोहसच्या मोजपट्टीवरचं नाही. पेन्सिलींतली ९एच ही खूप कडक पेन्सिल, पण हिरा नव्हे. कोटिंगमुळे पाणी घरंगळतं, मळ कमी चिकटतो, धुणं सोपं होतं. हे फायदे खरे. चरे पडणारच नाहीत, ही मात्र सेल्समनची कविता.

खरं चिलखत हवं तर पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म. या पारदर्शक फिल्मचे पूर्वज कुठे होते, माहीत आहे का? व्हिएतनाम युद्धात, अमेरिकन हेलिकॉप्टरच्या पंख्यांवर! आजची फिल्म साधारण १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे गाडीच्या चारही थरांहून जाड. महाग आहे, पण बॉनेट आणि पुढच्या बंपरपुरती लावली तरी पैसे वसूल.

आपोआप बरा होणारा रंग? निसानने २००५ मध्येच जाहीर केला. बारीक चरे उबेने स्वतःच मिटायचे, कधी एका दिवसात, कधी आठवड्यात.

पक्ष्यांना कुठला रंग आवडतो? गाड्यांचं सामान विकणाऱ्या हॅलफर्ड्सने २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये पाहणी केली. विष्ठेच्या बाबतीत लाल गाड्या १८ टक्क्यांवर, म्हणजे अव्वल, हिरव्या अवघ्या १ टक्क्यावर! कुठलाही रंग असो, नखाने खरवडू नका. ओला फडका पाच मिनिटं ठेवा, मऊ झालं की उचला.

आता कामाला लागा

सावलीत, थंड पत्र्यावर आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहून जाऊ द्या. मग दोन बादल्या: एक कार शॅम्पूची, एक हात धुवायची. छतापासून खाली या, चाकं आणि खालचा भाग शेवटी, वेगळ्या कापडाने. भांड्यांचा साबण नको, तो वॅक्सही धुऊन नेतो. पुसायला मायक्रोफायबर. त्याचा धागा १ डेनियरहून बारीक, म्हणजे ९००० मीटर लांब धाग्याचं वजन एक ग्रॅमही नाही! घासू नका, पसरून पाणी टिपा. धुताना फॅब्रिक कंडिशनर टाळा, धाग्यांची टिपण्याची ताकद जाते.

दसऱ्याला गाडीची पूजा करा, झेंडूचा हार दिमाखात घाला. फक्त तो सुतळीत ओवलेला घ्या. तारेचा हार वाऱ्यावर हलला की बॉनेटवर आपली सही करतो. हळद-कुंकवाची बोटं कोरडी पुसू नका, पाणी ओतून जाऊ द्या. लग्नाच्या गाडीवर फुलं लावणाऱ्यांनाही हेच सांगा.

आणि उद्या सकाळी गाडी पुसायला येणाऱ्या दादांच्या हातात तुमच्या गाडीसाठी वेगळे दोन मायक्रोफायबर आणि एक जादा बादली द्या. पाणी नसेल त्या दिवशी म्हणा, ‘दादा, आज राहू द्या.’ धुळीने माखलेली गाडी धुता येते, कोरडी पुसलेली गाडी पॉलिशलाच न्यावी लागते.