हिरड्यांतून रक्त येतंय, मनही लागत नाही? दोन्ही तक्रारी डॉक्टरांना सांगा

दात घासताना रक्त आलं की 'उष्णता वाढली' म्हणून सोडून द्यायचं आणि माणूस गप्प गप्प राहू लागला की 'स्वभावच तसा' म्हणायचं. लालबाग-परळच्या चाळीत असो की आपल्या गावात, हे सगळीकडे चालतं. पण या दोन तक्रारींचा एकमेकींशी संबंध असू शकतो.

दात आणि हिरडीच्या सांध्यात थर साचतो, त्याचं कीटण होतं. त्यातल्या जंतूंमुळे हिरडी सुजते. दुर्लक्ष केलं तर दाताभोवतीचं हाड झिजतं आणि दात हलू लागतात. या सुजेचा परिणाम तोंडापुरताच राहत नाही, तो रक्तातही दिसतो. नैराश्याच्या अनेक रुग्णांच्या रक्तातही सूज दाखवणारी द्रव्यं वाढलेली आढळतात. म्हणून संशोधक या दोन आजारांचा संबंध तपासत आहेत. मात्र हिरड्यांमुळेच नैराश्य येतं, असं सिद्ध झालेलं नाही.

उलट बाजूही आहे. मन खचलं की ब्रश हातात घ्यावासा वाटत नाही, बिडी, तंबाखू, मिश्री वाढते. नैराश्याच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, लाळ कमी झाली की दात लवकर किडतात. तरीही गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. दुसरीकडे दात हलले, तोंडाला वास येऊ लागला की भाकरी चावत नाही, लग्नकार्यात चारचौघांत बोलायची लाज वाटते. माणूस आणखी एकटा पडतो.

उपचाराला मुंबई गाठणाऱ्यांची अडचण अशी की विभाग वेगवेगळे. मनाच्या आजारासाठी परळच्या केईएममध्ये मानसोपचार विभाग आहे. दातांसाठी मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय किंवा सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय. एका ठिकाणी दुसऱ्या तक्रारीचा विषयच निघत नाही. तेव्हा चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दातांच्या डॉक्टरांना दाखवा आणि हिरड्यांचा त्रास मनाच्या डॉक्टरांना सांगा. मधुमेह असेल तर तोही सांगा, कारण साखर वाढली की हिरड्या जास्त बिघडतात.

दरवेळी मुंबईला जायची गरज नाही. आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. दिवसातून दोनदा मऊ ब्रशने दात घासा, मिश्री सोडा. मन फारच खचलं असेल तर 14416 या सरकारी टेली-मानस क्रमांकावर फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.