लाइव्ह आरतीला देणगी आली? पावतीचं काम आपोआप यादीत

सोनगीर (ता. धुळे) : तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या सोनगीरमधलं एखादं मंडळ गणपतीची आरती यूट्यूबवर लाइव्ह दाखवतंय, असं समजा. सुरत-पुण्याकडची गावकरी मंडळी देणगी पाठवतात. स्क्रीनवर नाव आणि रक्कम झळकते, अन् काही सेकंदांत निघून जाते. गडबडीत पावती राहते आणि मग 'आमचे पैसे गेले कुठे?' अशी कुरबुर सुरू होते.

यावर सोपा उपाय आहे. देणगीची सूचना टुडुइस्टसारख्या कामांच्या यादीच्या ॲपला जोडायची. मधला दुवा म्हणजे झॅपियर किंवा आयएफटीटीटी. नियम एकच : देणगी आली, की यादीत काम लिही. मग 'अमुक यांना ५०१ रुपयांची पावती द्या' अशी ओळ आपोआप पडते. पावती गेली, की टिक करायची.

हे लक्षात ठेवा

• तुमचं देणगीचं ॲप दुव्याच्या यादीत आहे का, हे आधी बघा. छोटी रक्कम टाकून तपासा.

• सुपर चॅटमधला सुमारे ३० टक्के वाटा यूट्यूब ठेवतं. पावती आणि जमा रक्कम यांत फरक दिसेल.

• नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. यादी म्हणजे हिशेबवही नव्हे.

• सूचना आली म्हणजे पैसे आले असं नाही. बँक खातं बघूनच पावती द्या. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. कुणी मागितला तर सरळ फोन ठेवा.