बक्षीस लाखांचे, हिशेब घरचा

‘एकूण बक्षिसे पाच लाख, पहिले बक्षीस पन्नास हजार’ अशी ‘बिलो १६००’ (१६०० पेक्षा कमी रेटिंगवाल्यांच्या) बुद्धिबळ स्पर्धेची जाहिरात व्हॉट्सॲपवर फिरू लागली की हिंगोली, वसमत, कळमनुरीतल्या पालकांना प्रश्न पडतो: लेकराला पाठवायचे का? स्पर्धा बहुधा पुण्यात, मुंबईत नाहीतर नागपुरात असते. हळद-सोयाबीनच्या पट्टीवर वर्षाचा खर्च भागवणाऱ्या घराने याचे उत्तर आधी कागदावर मांडून पाहावे.

समजा, प्रवेशशुल्क ३ हजार रुपये आहे आणि ३०० खेळाडू आले. जमा झाले ९ लाख. त्यातून ५ लाख बक्षिसांना, उरलेले हॉल, आर्बिटर (पंच) आणि व्यवस्थेला. म्हणजे ही बक्षिसे बहुतांशी खेळाडूंच्याच खिशातून येतात. बक्षिसे ४० असतील, तर २६० जण रिकाम्या हाताने परततात. त्यात मुलासोबत एक पालक, दोघांचे जाणे-येणे, चार दिवसांची खोली आणि जेवण धरले की खर्च सहज १२ हजारांवर जातो. यादीतली शेवटची बक्षिसे दोन-तीन हजारांची असतील, तर बक्षीस मिळवूनही घर तोट्यातच राहते. मोठ्या रकमेतून नियमानुसार करही कापला जातो.

आता जिंकण्याची शक्यता पाहू. रेटिंग म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा. रेटिंगच्या गणितानुसार १०० गुणांनी सरस असलेल्या खेळाडूकडून दर डावात सरासरी ०.६४ गुण अपेक्षित असतो. सगळेच प्रतिस्पर्धी असे कमी रेटिंगचे मिळाले, तरी ९ फेऱ्यांत होतात पावणेसहा गुण. इतक्या मोठ्या स्पर्धेत पहिल्या क्रमांकासाठी मात्र आठ-साडेआठ लागतात. शिवाय स्विस पद्धतीत जिंकत जाल तशी जिंकणाऱ्यांशीच गाठ पडते. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटना फिडेने १ मार्च २०२४ पासून रेटिंगची किमान पातळी १००० वरून १४०० केली. त्यामुळे ‘बिलो १६००’ गटातले सगळे रेटिंगधारक २०० गुणांच्या आत दाटले आहेत. समोरचे दहा वर्षांचे पोर कागदावर १४५० असले, तरी प्रत्यक्षात किती पुढे गेले आहे, हे पटावरच कळते.

मोठ्या रकमेचा खेळ आयोजकांनाही सोपा नाही. लास वेगासला २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘मिलियनेअर चेस’ स्पर्धेत हजार डॉलर प्रवेशशुल्क आणि १० लाख डॉलर बक्षिसे होती, हौशी खेळाडूंसाठीही स्वतंत्र गट होते. २०१६ नंतर ती झाली नाही.

मग जाऊच नये का? जावे, पण कारण बक्षीस नसावे. १८ वर्षांखालील, २३०० पेक्षा कमी रेटिंगच्या खेळाडूसाठी ‘के’ गुणांक (एका डावाने रेटिंग किती बदलते ते ठरवणारा आकडा) ४० असतो. बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्याला हरवले की २० गुण वाढतात, हरले की तितकेच घटतात. चार दिवसांत नऊ दमदार डाव खेळायला मिळणे, हीच खरी कमाई. ते डाव घरी परतल्यावर प्रशिक्षकासोबत तपासले नाहीत, तर मात्र ही कमाईही हातची जाते.

ज्याला अजून रेटिंगच नाही, त्याने लांब जाण्याची घाई करू नये. पहिल्या रेटिंगसाठी रेटिंगधारकांविरुद्ध किमान ५ डाव लागतात आणि निघणारा आकडा १४०० च्या खाली चालत नाही. नांदेड, परभणी, संभाजीनगर अशा जवळच्या ठिकाणी रेटिंग स्पर्धा असेल, तर तिथे हे कमी खर्चात साधते. काही स्पर्धांत बिगर-रेटिंग खेळाडूंना मुख्य बक्षिसे खुली नसतात. ती अट पैसे भरण्याआधी वाचावी.

निर्णयाची कसोटी सरळ आहे. एक रुपयाही परत येणार नाही असे धरूनही खर्च झेपतो का? मुलाला त्याच्या तोडीचे प्रतिस्पर्धी मिळतील का? परतल्यावर डावांचा अभ्यास होईल का? तिन्ही उत्तरे ‘हो’ असतील, तर खुशाल जा. एखादे ‘नाही’ असेल, तर तेच १२ हजार चांगल्या प्रशिक्षणावर आणि जवळच्या दोन-तीन स्पर्धांवर खर्च करा. आणि बक्षिसाच्या आशेवर कर्ज काढून लेकराला पटावर बसवू नका. त्या ओझ्याखाली चांगला खेळाडूही चुकतो.