यादीतील शेजारी

बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा, ज्याला खुनी भंडाराही म्हणतात, इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेले पाणी शंभराहून अधिक कुंड्यांच्या रांगेतून आणि त्यांना जोडणाऱ्या भुयारातून, केवळ उताराच्या बळावर शहरात आणले गेले. माझे गाव जसोंडी त्याच मुलखातले, म्हणून हे उदाहरण मला प्रथम सुचते. एका कुंडीचा तळ किती खोल आहे, एवढे कळून पाणी वाहील की नाही ते सांगता येत नाही. तो आधीच्या कुंडीच्या तळापेक्षा खाली आहे काय, हे पाहावे लागते. म्हणजे प्रश्न कुंडीचा नसून शेजारच्या जोडीचा आहे.

संगणकाच्या नेहमीच्या आज्ञावलीत आपण क्रमांक धरून चालतो: पहिला आणि दुसरा, दुसरा आणि तिसरा. फेरी शेवटच्या घटकाच्या एक घर आधी थांबवावी लागते. ती थांबवली नाही, तर शेवटच्या घटकाचा शेजारी शोधण्यासाठी आपण यादीबाहेर पाऊल टाकतो. हा दोष मी विद्यार्थ्यांच्या आज्ञावल्यांत वारंवार पाहतो.

फंक्शनल प्रोग्रॅमिंगमध्ये क्रमांकच नाहीत. तेथे युक्ती अशी: यादीचे डोके काढून उरलेली शेपटी मूळ यादीखाली मांडायची आणि वरखालचे घटक एकत्र बांधायचे. या बांधणीला झिप म्हणतात. २२५, ४४९, ६७१, ८९० ही यादी घ्या. तिची शेपटी ४४९, ६७१, ८९०. जोड्या तीन होतात, कारण धाकटी यादी संपली की झिप थांबते. प्रत्येक जोडीची वजाबाकी केली की २२४, २२२, २१९.

हे आकडे मी सहज घेतलेले नाहीत. आर्यभटाच्या ज्यासारणीतील ही पहिली चार मूल्ये आहेत. आर्यभटीयात (इ. स. ४९९) तर ज्या न देता शेजारच्या ज्यांतील फरकच दिले आहेत, तेही २३ नव्हे, २४. पहिला फरक २२५ कुठून आला? यादीच्या आरंभी शून्य धरले म्हणून. सर्व फरकांची बेरीज ३४३८, म्हणजेच शेवटची ज्या, कारण मधले सारे घटक एकदा मिळवले आणि एकदा वजा केले जातात. पडताळ्याचा याहून सोपा मार्ग मला तरी माहीत नाही.

आता खरी मेख. यादी रिकामी असेल तर? रिकाम्या यादीला शेपटी नसते आणि ती मागितली की आज्ञावली कोसळते. हॅस्केल भाषा (पहिली आवृत्ती १९९०) आळशी आहे. मागितल्याखेरीज ती काही काढत नाही. झिपला पहिली यादी मूळ आणि दुसरी शेपटी दिली, तर पहिली रिकामी दिसताच काम संपते आणि शेपटी काढलीच जात नाही. परंतु 'पुढचा वजा मागचा' करण्यासाठी शेपटी पहिल्या जागी ठेवली, की तीच आधी मागितली जाते आणि कार्यक्रम तेथेच थांबतो. एकच विचार, क्रम बदलला, फळ निराळे! म्हणून शेपटी मागण्याऐवजी 'पहिला एक घटक सोड' ही आज्ञा वापरावी. रिकाम्या यादीतून ती निमूटपणे रिकामी यादीच देते. ओकॅमल भाषेत तर आणखी सावध राहावे लागते, कारण तिची जोड्या बांधणारी आज्ञा असमान लांबीच्या याद्या स्वीकारतच नाही. पायथॉनने मात्र २०२१ च्या ३.१० या आवृत्तीत शेजारजोड्यांसाठी स्वतंत्र आज्ञाच दिली.

तिघे शेजारी हवे असतील, तर तीच यादी एकदा एक घटक सोडून आणि एकदा दोन सोडून मांडावी. आणि एकाच कुंडीची यादी दिली तर? जोडी एकही नाही, तेव्हा 'प्रत्येक जोडीत उतार आहे' हे विधान संगणक खरे ठरवतो.