छायाचित्रावरची चिठ्ठी

प्रयोगवहीत नुसते ‘२३.५’ लिहिले, तर शिक्षक विचारतात, “हे काय? सेंटिमीटर की सेकंद?” मापन अचूक असूनही नोंद वाया जाते. संगणकात साठवलेल्या छायाचित्रांचेही असेच होते.

अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेने १८८५ पासून सुमारे शंभर वर्षे काचांवर आकाशाची छायाचित्रे घेतली. अशा सुमारे पाच लाख काचा तेथे जमल्या. त्यांवर तारे म्हणजे केवळ काळे ठिपके! परंतु कोणती काच केव्हा घेतली, दुर्बिणीचा रोख कोठे होता, याची नोंद ठेवलेली होती. या संग्रहातील काचा तपासून हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये २५ चलताऱ्यांविषयी एक नियम मांडला: ताऱ्याच्या तेजबदलाचा आवर्तकाल जितका मोठा, तितका तो तारा अधिक तेजस्वी. याच नियमाच्या आधारे पुढे दूरच्या दीर्घिकांची अंतरे मोजता आली. आता विचार करा, काचांच्या तारखाच नसत्या तर? ठिपके दिसले असते. आवर्तकाल मात्र काढता आला नसता.

माहितीविषयीच्या या माहितीला ‘मेटाडेटा’ म्हणतात. मोबाइलने छायाचित्र घेतले की तारीख, वेळ, प्रकाश किती वेळ आत घेतला आणि आपण परवानगी दिली असल्यास अक्षांश-रेखांशही चित्राबरोबर आपोआप नोंदले जातात. पण समोरचे झाड कोणत्या वर्गाने लावले, हे कॅमेऱ्याला कसे कळणार? ती चिठ्ठी, म्हणजे ‘टॅग’, आपणच लावायची.

समजा, शाळेच्या परिसरातील झाडांची ३०० छायाचित्रे तुमच्याकडे आहेत. फुललेल्या बहाव्याचे चित्र ‘वृक्ष’ या कप्प्यात ठेवाल, ‘पिवळी फुले’ या कप्प्यात की ‘मे महिना’ या? कपाटातील वस्तू एका वेळी एकाच कप्प्यात राहते. चिठ्ठ्या मात्र तिन्ही लावता येतात. ‘पिवळी फुले’ आणि ‘मे महिना’ असे दोन्ही मागितले, की संगणक दोन्ही चिठ्ठ्या असलेली चित्रे तेवढी काढून देतो. गणितातील संचांचा छेद तो हाच!

एक अडचण मात्र आहे. एकाने ‘बहावा’ लिहिले, दुसऱ्याने ‘अमलतास’, तर साध्या शोधात संगणक ती दोन वेगळी झाडे समजतो. म्हणून शब्दांची यादी आधी ठरवावी. वनस्पतिशास्त्रज्ञ ‘कॅसिया फिस्टुला’ हे एकच नाव वापरतात, ते याच कारणासाठी.

आणखी एक काळजी घ्या. संदेशातून पाठवलेल्या चित्रातील आपोआप झालेल्या नोंदी पुष्कळदा गळून पडतात. म्हणून मूळ प्रत जपून ठेवा.

आज दहाच चित्रे घ्या आणि प्रत्येकाला काय, कोठे, केव्हा, कोणी या चार चिठ्ठ्या लावा. ज्याची तारीख आठवणार नाही, त्या चित्रापाशी क्षणभर थांबा. चित्र हाती असूनही काय हरवले, ते तुमच्या लक्षात येईल.